बोलू न दिलेला चालक

म्पिका गावच्या रुग्णालयात भूल द्यायला एकच बाई होती. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे तिला बाना मुसोंदा म्हणत, मुसोंदाची आई. मी तिच्या हाताखालची नर्स. एकवीस वर्षं तिनं टेबलावर उताण्या झोपवलेल्या माणसांच्या घशात श्वासाच्या नळ्या घातल्या होत्या.

त्या मंगळवारी दुपारी तांब्याचे पत्रे नेणारा ट्रक पुलाच्या वळणावर झाडाला धडकला. आम्ही पोचलो तेव्हा चालक गेर्शोम केबिनमध्ये बसलेलाच होता. इंजिन आत घुसून त्याच्या मांड्यांवर बसलं होतं. जबडा मोडलेला, तोंडातून रक्त. पुढे वाकून तो कसाबसा श्वास घेत होता आणि दोघं जण त्याचं डोकं सीटला टेकवायला बघत होते.

"सोडा त्याला," बाना मुसोंदा म्हणाली. "मागे टेकवलंत तर स्वतःच्याच रक्तात बुडेल तो."

"आई, पण मान धरायला नको?" त्यातल्या एकानं विचारलं.

"धरा ना. वाकलीय तशीच धरा."

पुढची काच फुटलेलीच होती. बाना मुसोंदा बॉनेटवरून आत शिरली आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली. नेहमीसारखं डोक्यामागून नळी घालायला जागाच नव्हती. त्याचे ओठ निळे पडत चालले होते. तो तिच्याकडे बघून काहीतरी म्हणत होता, शब्द लागत नव्हते.

"बोलू नकोस, बाळा. आधी श्वास. मग काय ते बोल."

दाराच्या खिडकीतून हात घालून मी सुईतून भुलीचं औषध सोडलं. त्याचे डोळे मिटले. घसा दिसावा म्हणून जीभ उचलायचं, नेहमी डाव्या हातात धरायचं बोथट पातं तिनं उजव्या हातात घेतलं आणि कुदळीनं माती ओढावी तशी त्याची जीभ स्वतःकडे ओढली. पहिल्यांदा नुसतं रक्त दिसलं. मी फडक्यानं पुसलं. दुसऱ्यांदा नळी आत गेली, छाती वर आली.

लोखंड कापायला अडीच तास लागले. तेवढा वेळ ती काचांवर गुडघे टेकून नळीला जोडलेला हवेचा फुगा दाबत राहिली. पायांवरचं वजन उचललं, दबलेल्या पायांत साचलेलं विष रक्तात उतरलं आणि थोड्याच वेळात त्याचं हृदय थांबलं. रुग्णालयापर्यंत आम्ही आळीपाळीनं छाती दाबली. तो परत आला नाही.

संध्याकाळी त्याची बायको रोडा आली. "शेवटी काही बोलले का?"

मी बाना मुसोंदाला डोळ्यांनी खुणावलं, काहीतरी सांगून टाक. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"बोलत होता. मीच थांबवलं. वाटलं, शुद्धीवर आल्यावर बोलेल."

"जरा थांबता आलं नसतं?"

"तेवढ्यात गेला असता, बाई."

"गेलाच की," रोडा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाना मुसोंदा वेळेवर कामाला आली. तेव्हापासून माणूस बोलू शकत असेल, तर औषध सोडायच्या आधी ती मला हातानं थांबवते आणि त्याच्या तोंडाशी कान नेते. बहुतेक जण पाणी मागतात.