मारोतीचा पाव

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा माझे हात मैद्यात होते. उदगीरहून वहिनींचा आवाज, "भावजी, हे गेले..." फोन खांद्याला दाबून मी ऐकत होतो आणि हात आपले गोळे वळतच होते. महिना झाला, त्याची लाज जात नाही.

मी मुखेडचा, आठवीत शाळा सोडलेला. पुण्याच्या या बेकरीत मला चिकटवलं ते इथे आधीच कामाला असलेल्या दत्तानेच. आमच्या मालकीणबाई जपानला शिकून आलेल्या. तिथला एक गोड पाव त्यांनी आम्हाला शिकवला. आत मऊ पाव, वर बिस्किटाचं कवच, त्यावर सुरीने जाळी मारायची. दिसतो खरबुजासारखा, म्हणून नावात खरबूज. आत खरबूज नसतंच. हे मला कुठे ठाऊक! पहिल्याच आठवड्यात मी अख्खं खरबूज किसून मैद्यात घातलं. सगळं पातळ. आता नोकरी गेली म्हणून परात लपवतोय, तोच बाई आल्या. दत्ता पुढे झाला, "बाई, मी टाकलं." मग हळूच मला, "म्हैसूरपाकात म्हैसूर घालतेत का रे येड्या?"

बाईंनी ते बोटावर घेऊन चाखलं... म्हणाल्या, वास छान आहे, थोडा रस वरच्या कवचात घालून बघ. तो पाव इतका खपला की दुकानात पाटीच लागली, 'दत्ताचा खरबूज पाव'. नोकरी वाचवली हे उपकार मानायचे, आणि पाटी दिसली की पोटात आग. चूक माझी, नाव त्याचं! बोलणार तरी कसा? पुढे तो उदगीरला स्वतःची बेकरी टाकायला निघाला, तेव्हा स्टँडवर मला आतून बरंच वाटलं. पाटी मात्र राहिली.

तेराव्याला गेलो. दुसऱ्या दिवशी त्याची बेकरी उघडली, तर त्याच पावापुढे पुठ्ठा, त्याच्याच अक्षरात: 'मारोतीचा पाव'. मारोती म्हणजे मी.

"पहिल्या दिवसापासून हेच नाव हाय," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, ज्याचं त्याला."

तेवढ्यात एक म्हातारी आली. पाव घेऊन कपाळाला लावला. "शनवारचा उपास ह्याच्यावरच सोडते बघा. देवाचा हाय."

वहिनी रडता रडता हसल्या. दत्ताने माझं मला दिलं, ते मारोतीरायाने नेलं!

निघताना वहिनींनी त्याची जाळीची सुरी हातात ठेवली. मूठ त्याच्या अंगठ्याने झिजलेली; माझा अंगठा तिथे बसत नाही. रोज तिनेच जाळी मारतो, तिरकी जाते. बाई म्हणतात, "दत्ताची सरळ यायची."

यायचीच... सुरी मात्र मी बदलत नाही.