अकरा मुलींचा वळसा

सातवीच्या तुकडीला नकाशावाचनाचा धडा शिकवताना बाईंनी तीन जांभया मोजल्या. चौथी त्यांची स्वतःचीच होती. त्यांनी पुस्तक मिटलं.

"ठेवा पुस्तकं आत. घरातून शाळेत कसे येता, तो रस्ता काढून आणा. वाटेत खरंखुरं काय दिसतं तेही लिहायचं. उगाच झाडंबिडं रंगवत बसू नका."

दुसऱ्या दिवशी अडतीस नकाशे आले. संध्याकाळी घरी बाई ते तपासायला बसल्या आणि वीस मिनिटांत चारदा उठल्या. "आई, पायाला चाकं लावलीयेत का? बस ना जरा!" लेक वैतागली. पण बाईंना बसवेना. वखारीमागच्या गल्लीतून शाळा पाच मिनिटांवर. त्या बाजूला राहणारे सगळे मुलगे तिथूनच येत होते. मुली अकरा, आणि अकराही जणी दवाखान्यावरून, मोठ्या रस्त्याने, पाऊण मैलाचा वळसा घालून.

वर्गात त्यांनी विचारलं, "एवढं लांबून का येता गं?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत म्हणाली, "बाई, तिथे बाकावर माणसं बसतात. काहीबाही बोलतात."

"काय बोलतात?"

तिने मान खाली घातली. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. कारण त्यांना ठाऊक होतं. बसस्टॉपवर जायला त्याही नऊ वर्षं दवाखान्यावरूनच जात होत्या. चालणं झालेलं बरं, असं घरी सांगत होत्या, आणि आता तर स्वतःलाही तेच पटलं होतं.

बाईंनी हे कानावर घातलं तेव्हा मुख्याध्यापकांनी चष्मा काढून ठेवला. "बाई, तुमचे चार धडे मागे आहेत. शाळेबाहेरच्या भानगडी आपण कशाला ओढवून घ्यायच्या?"

"सर, नकाशाचाच धडा चाललाय."

"मग नकाशापुरताच ठेवा."

बाईंनी हे शब्दशः पाळलं. पालकसभेच्या दिवशी त्यांनी भिंतीवर एकच मोठा नकाशा लावला. मुलांच्या वाटा निळ्या, मुलींच्या लाल, प्रत्येक रेघेवर नाव. बाजूला एक अक्षर लिहिलं नाही. टाचण्या मात्र दोनदा खाली सांडल्या.

पालक आपापल्या पोरांची नावं शोधू लागले. दोन वेण्यांच्या मुलीचे वडील त्या वखारीतले मुकादम होते. लाल रेघेवर बोट फिरवत ते हसले. "आमची पोरगी वाट चुकलेली दिसते. वखारीवरून सरळ यायचं सोडून..." मग त्यांनी इतर लाल रेघा पाहिल्या. बोट थांबलं.

"चुकली नाही ती," मागून एक आई म्हणाली. "मीसुद्धा तिथून जात नाही."

"मी पण नाही," दुसरी म्हणाली. मग तिसरी. मुकादमांनी लेकीकडे पाहिलं. ती भिंतीला चिकटून उभी होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"बाबा, तिथे बाकावर बसून काहीबाही बोलणाऱ्यांतले दोघं तुमच्याच हाताखालचे आहेत."

 सोमवारी बाक तिथून हलला होता. त्या दोघांना मुकादमांनी सगळ्यांसमोर फैलावर घेतल्याचं कानावर आलं. कामावरून काढलं म्हणावं तर तसंही नाही. त्यांना फक्त दुसऱ्या फाटकावर पाठवलं होतं. बाईंना हे पुरेसं वाटलं नाही. त्यांनी मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रारअर्ज दिला. तो अजून त्यांच्या टेबलावरच आहे.

त्या सोमवारी संध्याकाळी बाई गल्लीतून गेल्या. चिटपाखरू नव्हतं, तरी पर्स छातीशी घट्ट धरली होती. स्टॉपवर बस यायला वेळ होता. त्या बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. नऊ वर्षं. दरवर्षी एक नवी सातवी. एकाही तुकडीला त्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता.

आठवड्याभरात मुली जोडीजोडीने गल्लीतून येऊ लागल्या. दोन वेण्यांची मात्र नाही. शाळा सुटल्यावर बाईंनी तिला गाठलं.

"चल, आज मी येते सोबत."

ती चपलेच्या टोकाने माती उकरत राहिली. "बाई, उद्या चालेल?"

"चालेल की," बाई म्हणाल्या, आणि तिच्याबरोबर दवाखान्याच्या रस्त्याला लागल्या.