बंद लॅपटॉपमधला आवाज

माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला, त्यात उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. बोलणं अगदी पूर्ण गेलं असंही नाही. एक शब्द मागे राहिला, ‘उद्या’. तहान लागली की उद्या, पाठ दुखली की उद्या, धाकटा भाऊ शेतावरून येऊन खाटेशी बसला की त्याच्याकडे बघून हसत उद्या. सगळी नोकरी कामशेतच्या शाळेत गणित शिकवण्यात गेलेली. वर्गाबाहेर रस्त्यावर आवाज ऐकू यायचा असा माणूस. तो आता आमच्या कार्ल्याच्या घरात पुढच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून पडून राहायचा, आणि मी दिवसभर त्या एका शब्दाचे अर्थ लावत बसायची.

तळेगावला स्पीच थेरपीच्या बाई होत्या. त्यांच्याकडे आम्ही रिक्षाने जायचो. एकदा निघताना त्या म्हणाल्या, “सरांचा जुना आवाज कुठे रेकॉर्ड केलेला आहे का? ऐकवून बघा. कधी कधी मदत होते.”

त्यातलं ‘कधी कधी’ मी ऐकलंच नाही. ‘मदत होते’ एवढंच घेऊन घरी आले.

आवाज होता. कोविडमध्ये शाळा बंद होती तेव्हा हे रोज सकाळी पुढच्या खोलीत भिंतीला फळा टेकवून लॅपटॉपसमोर उभे राहायचे आणि दहावीचे धडे रेकॉर्ड करून मुलांना पाठवायचे. मी त्या वर्षातल्या मुलांना फोन केले. फोनमध्ये जागा नाही म्हणून सगळ्यांनी ते केव्हाच पुसून टाकलेले. एक मुलगी तर फोनवर रडायलाच लागली, “मॅडम, ठेवायला हवे होते हो.” म्हणजे आता ते धडे फक्त त्या लॅपटॉपमध्ये होते. शाळेतल्या कुणाकडून तरी जुना घेतलेला, काळा, जड लॅपटॉप. हे त्यात प्रश्नपत्रिका करायचे, आणि स्टाफरूममध्ये कुणी उघडू नये म्हणून त्याला सुरू होतानाच विचारला जाणारा पासवर्ड घातला होता. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर एक छोटी चौकट यायची. तिच्यात बरोबर अक्षरं पडल्याशिवाय पुढे काही नाही.

मी आमच्या लग्नाची तारीख घातली. मुलीचं नाव घातलं, तिची जन्मतारीख, सासूबाईंचं नाव, स्कूटरचा नंबर. तीन वेळा चुकलं की तो कर्कश वाजायचा आणि गोठून बसायचा. मग बटण दाबून बंद करायचा, परत सुरू करायचा, परत तीन. माझं स्वतःचं नाव मी बऱ्याच वेळाने घातलं. ते बरोबर निघालं नाही तर वाईट वाटेल अशी भीती होती. नाही निघालं, आणि वाईटही वाटलं. इतकी वर्षं ताटाला ताट लावून जेवलो, आणि हा माणूस रोज सकाळी कोणता शब्द लिहीत होता ते मला माहीत नव्हतं.

त्यांना विचारलं. “अहो, पासवर्ड काय होता? लॅपटॉपचा?”

“उद्या,” ते म्हणाले.

मला क्षणभर वाटलं, हेच! सांगितलं त्यांनी! धावत जाऊन ‘उद्या’ लिहिलं. इंग्रजी अक्षरांत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी लिहिलं. तो वाजत राहिला. मी पदराने तोंड दाबून स्वयंपाकघरात जाऊन बसले.

मग मनात आलं की तोंडाला आठवत नसलं तरी हाताला आठवत असेल. मी त्यांना तक्क्याला टेकवून बसवलं, मांडीवर उशी ठेवली, उशीवर लॅपटॉप. चौकट दिसल्यावर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. डावा हात पुढे आला. बोट अडखळत एकेक अक्षर शोधत फिरलं. चूक. पुन्हा फिरलं, या वेळी जरा झपाट्याने, जसं काही आठवलंय. चूक. तिसऱ्यांदा फिरलं. तो वाजला. ते चौकटीकडे बघत राहिले, मग तळहाताने त्यांनी पडद्यावर असा तडाखा दिला की लॅपटॉप उशीवरून घसरून फरशीवर आपटला आणि त्याची एक बिजागरी तुटली. ते रडायला लागले. रडतानाही अर्धाच चेहरा हलत होता.

दीर दारात उभे होते. “वहिनी, लय झालं आता,” ते म्हणाले. “त्या डब्यापायी दादाचे हाल करू नगा.”

“मग मी काय करू, भाऊजी? तुम्ही सांगा.”

त्यांनी खाली वाकून लॅपटॉप उचलला आणि शर्टाने पुसून कपाटावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून मी कामशेतला गेले. बाजारातल्या दुकानदाराने ठेवून घेतला. आतला सेल काढून ठेवला की पासवर्ड पुसला जातो, म्हणाला. मी घरी जाऊन देवापुढे दिवा लावला. दोन दिवसांनी गेले तर चौकट होती तिथेच. “जुन्या मॉडेलला चालायचं हे. याला नाही चालत,” तो म्हणाला. “भंगारात द्या, नवीन घ्या.” मी दुकानाच्या पायरीखाली रस्त्यावर किती वेळ उभी होते कोण जाणे. तांदळाच्या पोत्यांचा टेम्पो उलटा मागे येत होता आणि ड्रायव्हर मला बाजूला व्हा म्हणून ओरडत होता. मला ते ऐकू येत होतं, तरी मी तिथेच उभी.

लोणावळ्याच्या दुकानात त्याहून वाईट झालं. तो माणूस लॅपटॉप उलटसुलट करून म्हणाला, “बिल आहे?”

“नाही. शाळेतल्या कुणाकडून घेतलेला.”

“मग हा तुमचाच कशावरून? असे कुलूपबंद लॅपटॉप रोज येतात माझ्याकडे, ताई. सुट्टीला आलेल्या लोकांच्या बंगल्यांतून गेलेले असतात. मी हात लावला की पोलीस माझ्याकडे.”

“माझ्या मिस्टरांचा आहे.”

“मग त्यांना घेऊन या.”

चोर समजला मला. बाहेर शनिवारची गर्दी, गाड्यांच्या रांगा, लोक चिक्कीचे पुडे घेऊन हसत चाललेले. मी पिशवी पोटाशी धरून बसस्टॉपवर आले, आणि मला त्या सगळ्या हसणाऱ्या लोकांचा राग आला.

मी यांना घेऊन परत त्याच दुकानात गेले. दिरांनी रिक्षात बसवलं, उतरवलं, खांद्याला धरून दुकानात आणलं. दुकानदाराने खुर्ची पुढे केली. ह्यांचं बोलणं गेलंय याची त्याला काही कल्पना नव्हती. “सर, हा लॅपटॉप तुमचा का?”

“उद्या,” हे म्हणाले.

“उद्या नाही, सर. हा तुमचा आहे का, एवढंच सांगा.”

“उद्या. उद्या!” आवाज चढला. हे उठायला बघत होते. काउंटरवरचा लॅपटॉप त्यांनी डाव्या हाताने ओढला आणि छातीशी घट्ट धरला. तुटलेली बिजागरी लोंबकळत होती. तोंडाच्या कडेतून लाळ ओघळत होती. ती पुसायला मी पुढे झाले.

दुकानदाराने काउंटरखालून स्क्रूड्रायव्हर काढला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, “ताई, तुम्हाला लॅपटॉप चालू हवाय की आतलं हवंय?”

“आतलं. त्यांचा आवाज आहे त्यात.”

“मग पासवर्डचा नाद सोडा. तो मला निघणार नाही. आतली हार्डडिस्क खोलून माझ्या कॉम्प्युटरला लावतो. फक्त सरांनी डिस्कलाही वेगळं कुलूप घातलेलं नसावं. असेल तर विषय संपला.”

ह्यांच्या हातून लॅपटॉप सोडवताना दीर कानाशी हळू बोलत होते, “दादा, सोड. बरा करायला दिलाय रं.” दुकानदाराने स्क्रू काढले, आतून छोटीशी चपटी डबी निघाली, ती त्याने वायरीने जोडली. काहीच झालं नाही. त्याने वायर काढून दुसरी लावली. मी भिंतीकडे तोंड केलं होतं. मला बघायचं नव्हतं.

“इकडे या,” तो म्हणाला. “हे का?”

पडद्यावर ओळीने धडे होते. बीजगणित, भूमिती, सराव.

त्याने ते पेनड्राइव्हवर उतरवून दिले. घरी आल्या आल्या, यांचे कपडेही न बदलता, मी दिरांच्या मोठ्या टीव्हीला तो लावला आणि यांना समोर बसवलं. पडद्यावर हे फळ्यासमोर उभे, खडूने पांढरी झालेली बोटं, “तर मुलांनो, काल आपण कुठे थांबलो होतो?” तोच आवाज. खोली भरून गेली. मी यांच्याकडे बघत होते. वाटलं, आता बोलतील.

ह्यांनी मान फिरवली. भिंतीकडे बघून ते ओरडायला लागले, उद्या, उद्या, आणि हाताने बंद कर, बंद कर अशी खूण. मी घाईघाईने बंद केलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही नाही. वाटलं, जे मिळवायला इतकी धडपडले, त्याचाच सुरा करून मी त्यांच्यात खुपसला.

परत ते ऐकवायचं नाही असं ठरवलं. पण मला स्वतःला तो आवाज हवासा व्हायचा. म्हणून आमच्या मुलीकडून धडे फोनवर घेतले आणि भाकऱ्या करताना ओट्यावर हळू आवाजात लावून ठेवायला लागले. गणित मला कळत नव्हतं, कळायची गरजही नव्हती. एकदा असाच एक धडा चालू होता, मध्येच त्यात मागून माझाच आवाज आला, कुठून तरी वैतागलेला, “अहो, जेवायला चला. वरण निवलं.”

आणि पुढच्या खोलीतून कुणीतरी म्हणालं, “आलो.”

धड्यातलं त्यांचं ‘आलो’ त्यानंतर आलं. मी मोबाइलकडे बघितलं, मग दाराकडे. पिठाच्या हाताने पुढे गेले. हे खाटेवर बसायच्या खटपटीत होते, डावा पाय खाली टेकलेला. “काय म्हणालात?” मी विचारलं. ते गोंधळून बघत राहिले. मग म्हणाले, “उद्या.”

तळेगावच्या बाईंना सांगितलं तर त्या खूश झाल्या, पण मला समजावलंही. रोजच्या सवयीची उत्तरं डोक्यात वेगळ्या जागी असतात, ती अशी अवचित निघतात, त्याचा अर्थ सगळं परत येईल असा नाही, फार आशा धरू नका. मी मान डोलावली. सगळं पटल्यासारखं दाखवलं. त्या संध्याकाळी गॅसवर नुसतं आधण ठेवलेलं असताना मी त्यांना तीनदा जेवायला बोलावलं.