नशिबानं गेला म्हणं

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. सांगायची वेळच आली नाही—की मी ती येऊ दिली नाही? आता लपवायचाही कंटाळा आलाय, म्हणून तुम्हाला सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात एका छोट्या दैनिकात मी नवाच लागलो होतो. काम काय, तर शुक्रवारी टॉकीजच्या दारात उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्यांच्या प्रतिक्रिया घ्यायच्या. नाव, गाव, फोटो, दोन ओळी. स्वतःला पत्रकार म्हणवून घ्यायचो. आज त्याचं हसूही येत नाही.

त्या आठवड्यात एक थरारपट लागला होता. ज्योतिषी नायकाला सांगतो, तुझं मरण ट्रकखाली आहे. तो गाव सोडतो, नोकरी सोडतो, आणि प्रत्येक पळवाट त्याला त्या ट्रकजवळच नेते. लोक घाम पुसत बाहेर येत होते. एक पैलवान म्हणाला, शेवटी मी डोळेच मिटून घेतले. कॉलेजच्या मुली ज्योतिष खरं की खोटं यावरून भांडत होत्या. सगळं छापण्याजोगं, पण नेहमीचंच.

मग हौसाबाई आल्या. शिरोळकडच्या. मन रमावं म्हणून भाचीनं आणलं होतं—पिक्चर कसला आहे हे तिला तरी कुठं माहीत होतं? मी विचारलं, मावशी, कसा वाटला? त्या थांबल्या. म्हणाल्या, "माझा ल्योक बी नशिबानंच गेला म्हणं."

आमच्याकडं हे ‘म्हणं’ फार बोलतं. लोक म्हणतात, मी नाही—एवढं सगळं त्यात येतं. आणि त्यांनी ते ओठ मुडपून म्हटलं होतं. पुढचं भाचीनं सांगितलं. गावातल्या एका बागायतदारानं उसाची ट्रॉली अंधारात रस्त्यावरच उभी केली होती, मागं दिवा नव्हता, आणि मुलाची मोटारसायकल तिच्यावर आदळली. बागायतदार नशिबाकडं बोट दाखवत होता. माझी चूक झाली, एवढं त्यानं चार माणसांत म्हणावं, म्हणून हौसाबाई वर्षभर त्याच्या दारात जात होत्या.

मी छापलं—‘माझा मुलगाही नशिबानेच गेला.’ भाषा शुद्ध केली, असं म्हणता येईल. पण मला कळत नव्हतं का? मी स्वतः घरात ‘म्हणं’ म्हणतच वाढलो. ते ठेवलं तर वाक्य ढिलं पडतं, फोटोखाली शोभत नाही—एवढाच विचार केला.

पुढच्या आठवड्यात त्या ऑफिसात आल्या. बागायतदारानं तो पेपर देवळात सगळ्यांपुढं वाचून दाखवला होता. आईच असं म्हणते, मग माझं काय चुकलं? हौसाबाई दुरुस्ती मागत होत्या, एका शब्दाची. संपादकांनी मला विचारलं. नोकरी नवी होती—पण नाही, ते कारण नव्हतं. मला हौसाबाईंपुढं लाज वाटली, आणि ती झाकायला मी म्हणालो, "त्या असंच बोलल्या होत्या."

संपादक आत गेले. हौसाबाई माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही—तेच अजून सोसवत नाही. म्हणाल्या, "आसू दे, लेकरा. तुझ्या ध्यानात न्हाय ऱ्हायलं."

माझ्या ध्यानात होतं.