राऊटरच्या यादीत माझं नाव

आमच्या जोगेश्वरीच्या घरात सून घरूनच काम करते. कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप, आणि दिवसभर इंटरनेटवरून येणारे गिऱ्हाइकांचे फोन. नोकरी नवी, सहा महिने पारखून मग कायम करणार होते. आवाज तुटला की गिऱ्हाईक चिडतं, म्हणून मुलाने राऊटरमध्ये लावून ठेवलं होतं: आधी तिचे फोन, उरेल ते बाकीच्यांना.

मला कुणी काही शिकवत नाही हो, मी आपली बटणं दाबून शिकते. तसंच एकदा राऊटरचं अ‍ॅप उघडलं. घरातल्या यंत्रांची यादी. वर सुनेचा लॅपटॉप, मग मुलाचा फोन, मग टीव्ही, आणि टीव्हीच्याही खाली मी! कानशिलं तापली माझी. लग्नपत्रिकेतसुद्धा वडीलधाऱ्यांची नावं आधी घालतात. मला वाटलं, यादी म्हणजे मानच.

त्यात आमचं भजनी मंडळ दुपारी व्हिडिओ कॉलवर जमायचं, आणि माझाच आवाज अडकायचा. नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, गातेयस की उचक्या देतेयस गं?" बायका फिदीफिदी हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी माझं नाव बोटाने ओढून सगळ्यात वर नेलं. तेवढ्यावर थांबायचं ना? नाही. सुनेचं नाव पार तळाला टाकलं. ते मुद्दाम केलं, खोटं कशाला बोलू?

दुपारी मी स्वयंपाकघरात मोकळ्या गळ्याने गात होते. आतून तिचा आवाज येत होता, "हॅलो? सर, ऐकू येतंय का? हॅलो?" मला ऐकू येत होतं. एक भजन उरलं होतं, मी तेही म्हटलं.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल. "आई, साहेब आज माझे तीन फोन ऐकत होते. तिन्ही तुटले. कायम करायचं तीन महिने पुढे ढकललं." मग इंटरनेटवाल्याला बोलायला लागली, आणि मी, मीसुद्धा तिच्याबरोबर त्या बिचाऱ्याला शिव्या घातल्या!

संध्याकाळी मुलाने अ‍ॅप उघडलं. "ह्यात हात कोणी घातला?"

"मी," म्हटलं.

मुलगा ओरडणार तेवढ्यात सुनेने त्याला थांबवलं. म्हणाली, "आई, मला सांगायचं ना. तुमच्या भजनाच्या वेळी मी जेवायची सुट्टी घेतली असती." आवाज चढवला असता तर मीही चार शब्द बोलले असते. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

थोड्या वेळाने तिच्या आईचा फोन आला. नोकरीचं काय झालं, विचारत असणार. सून सांगत होती, "अगं, इकडची लाइनच खराब झाली होती. कोणाची चूक नाही."

मी आत कांदा चिरत उभी होते. बाहेर जाऊन विहीणबाईंना खरं सांगावं, असं फार वाटलं. पण मी आणखी एक कांदा चिरायला घेतला.