वच्छीचा मंगळवार

बुलढाण्याहून मलकापूरला जाणारी सर्व्हिस मोटार सकाळीच सुटायची. आमच्या देऊळघाटच्या मळ्यात बैलगाडी जुंपून तयार होती, माझी पत्र्याची ट्रंक गाडीत चढली होती, आणि मी मात्र लुगडं खोचून वांग्याच्या वाफ्यात घोट्याएवढ्या चिखलात उभी होते. उन्हाळा संपत आला होता, पाऊस अजून लागला नव्हता आणि तो मंगळवार होता.

"आधी पाणी दे, मंग जाय," बाबा एवढंच म्हणाले होते आणि उजाडायच्या आत त्यांनी मोट धरली होती.

"मोटार तिच्यासाठी थांबनार हाये का?" माय बांधावरून ओरडत होती.

"पाणी तरी कुठी थांबते?" बाबा विहिरीवरून.

शेवटचा वाफा भरला तशी मी फावडं टाकून पळाले. मायने गाडीपाशी लोटाभर पाणी माझ्या पायांवर ओतलं आणि पुसायला पदर पुढे केला, तेव्हा बाबा म्हणाले, "राहू दे. वाळतीन आपोआप." ते वाळले खरे, पण बोटांच्या बेचक्यांत चिखल राहिलाच. आगगाडी अकोल्याच्या पुढे गेल्यावर बायकांच्या डब्यात माझ्या बाकाखाली त्याच्या खपल्या पडलेल्या दिसल्या. समोरच्या बाईंनी नाक मुरडलं. मी त्या खपल्या झटकल्या नाहीत.

हे मी दोघांसाठी लिहिते आहे. एक, जे गावी राहिले. दुसरे, जे माझ्यासारखे निघाले, कोणी मुंबईला, कोणी खांडव्याला, कोणी इथेच नागपुरात. भेटलं की आपण घाईत असतो आणि पत्रात फक्त तब्येत विचारतो. म्हणून एकदा नीट, क्रमाने सांगते.

आधी विहिरीचं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आजोबांनी बाबांना आणि नथूकाकांना मळा वाटून दिला, पण विहीर एकच होती, ती सामाईक राहिली. दोघा भावांत वार वाटले गेले. रविवारी बाजार, म्हणून मोट बंद. उरलेल्यांपैकी तीन वार बाबांचे, तीन काकांचे. मला भाऊ नाही. मी फावड्याने पाणी वळवण्याइतकी मोठी झाले तेव्हा बाबांनी आपल्या तिनांतला मंगळवार माझ्या नावाने करून दिला. "पोरीले कोनी वार देते का?" असं लोकांनी विचारलं, तर म्हणाले, "हात तिचे हायेत तं वार बी तिचा." आमच्या विहिरीचा एक नेम होता. ज्याच्या नावाचा वार, त्याने दोन दसऱ्यांच्या मध्ये निदान एकदा तरी स्वतःच्या हाताने त्या वारी पाणी द्यायचं. नाही दिलं, तर तो वार सुटला. मग तो देणाऱ्याकडे परत जात नाही, ज्या घरात काम करणारे हात जास्त त्या घराला मिळतो. काकांच्या घरात हात जास्त होते.

नागपुरात मी आधी शिक्षिका होण्यासाठी नॉर्मल स्कूल केलं, मग मुलींच्या एका शाळेत लागले आणि शाळेच्याच बोर्डिंगमध्ये राहिले. तिथे नळ होता. तोटी फिरवली की पाणी, कोणाची पाळी नाही, कोणाचा वार नाही. पहिले काही दिवस मी गरज नसताना तोटी फिरवून पाहत असे. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, पुण्याच्या होत्या. "वत्सला, 'मले' नव्हे, 'मला'," असं त्या न रागावता, पण न चुकता सांगायच्या. इंग्रजी त्यांनीच शिकवलं. पुढे तेच इंग्रजी मी नवशिक्या मुलींना शिकवू लागले.

नवशिक्यांचं पहिलं अडखळणं ठरलेलं असतं. 'मी उद्या मामाकडे जाते' हे मराठीत अगदी बरोबर आहे. म्हणून मुली लिहितात, 'टुमॉरो आय गो.' तिथे हवं असतं 'आय शाल गो.' 'नेहमी घडतं ते वर्तमान आणि पुढे घडेल ते भविष्य' हा नियम त्या पाठ करतात आणि विसरतात. मी त्यांना विहीर सांगायची. पाटातून जे रोज वाहतं, नेमाने वाहतं, ते साध्या वर्तमानकाळात घाला. जे अजून विहिरीत आहे, मोट ओढल्याशिवाय वर येणार नाही, ते भविष्यात. वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा, हे पाटातलं आहे की विहिरीतलं? बोर्डिंगच्या खोल्यांतल्या मुली एकमेकींना ओरडून विचारायच्या, "अगं, पाट की विहीर?"

उदाहरणं मी घरचीच द्यायची. 'माझे वडील बैल हाकतात.' 'माझी आई भाकरी करते.' आणि मग, 'ऑन ट्यूजडेज आय वॉटर द ब्रिंजल्स.' मी मंगळवारी वांग्यांना पाणी देते. वर्षानुवर्षं हे वाक्य मी फळ्यावर न विचार करता लिहीत आले. एके दिवशी जबलपूरची सुमित्रा नावाची मुलगी उभी राहिली. तिचं मराठी नवंच होतं, त्यामुळे ती फार सरळ बोलायची. म्हणाली, "बाई, आज मंगळवार आहे. तुम्ही तर इथे आहात."

वर्ग हसला. मीही हसले आणि ते पुसून दुसरं वाक्य लिहिलं. पण त्या तासाला माझा खडू दोनदा तुटला.

कारण दरवर्षी दसऱ्याच्या सुट्टीत मी घरी जाऊन मंगळवारचं पाणी देत असे, पण या प्रसंगाच्या आदल्या वर्षी बोर्डिंगची जबाबदारी माझ्यावर आली आणि मी गेले नाही. सुट्टीतही घरी न जाणाऱ्या काही मुली होत्या, त्यांना सोडून कशी जाणार? उन्हाळ्यात कांजिण्यांची साथ आली. प्रत्येक पत्रात मी लिहीत होते, पुढच्या महिन्यात येईन. दसरा पुन्हा जवळ आला होता आणि मी अजून गेले नव्हते.

त्याच आठवड्यात नथूकाका आले. नागपुरात कोणाच्या तरी कोर्टाच्या कामाला आले होते. पुरुषांना बोर्डिंगच्या व्हरांड्याच्या आत येता येत नसे, म्हणून ते बाहेरच बाकावर बसले, पायाशी वांग्यांची थैली.

"पोरी, साफ सांगतो. मंगळवार सोड आता."

"बाबांनी सांगून पाठवलं?"

"दादा कोनाले काही सांगते का? दर मंगळवारी तुह्या वाफ्यात उभा राह्यते अन् आल्यागेल्याले म्हन्ते, आमची वच्छी मंगळवारी पाणी देते. लोकं हासतात त्याले."

"मी येईन ना काका."

"येईन! साल झालं तुहं येईन आयकून राह्यलो. माह्या मिरच्या काय तुह्या येईनवर जगतीन?"

मी विचारलं, "मिरच्या खरंच वाळतात का?"

काका बाकावर पुढे सरकले. "खोटं काऊन बोलू? मंगळवार भेटला तं खालचं रान हिरवं राह्यते. सोपानले आता दोन लेकरं हायेत." सोपान त्यांचा मोठा मुलगा. "नेम तुले ठाऊक हाये. दसऱ्याच्या आधी एका मंगळवारी हातानं पाणी दिलं तं तुहं. नाही तं आमचं. मंग रुसू नको."

उठताना थैली माझ्याकडे सरकवून म्हणाले, "अन् पोटभर खात जाय. मास्तरीन झाली अन् वाळल्या मिरचीवानी झाली."

माझा स्वभाव असा, की काही अडलं की मी बाजू मांडून बघते. काकांना पाण्याची गरज होती. बाबांचं वय झालं होतं, त्यांना एक दिवस मोट कमी हाकावी लागली असती. मला त्या वांग्यांतून काही मिळत नव्हतं. सगळा हिशोब मंगळवार सोडण्याच्या बाजूने लागत होता. दुसऱ्या बाजूला एकच गोष्ट होती. वाफ्यात उभे राहून बाबा काय म्हणतात, ती. मी मोठ्या बाईंकडे रजा मागायला गेले.

"घरी कोणी आजारी आहे?"

"नाही."

"बाळंतपण?"

"नाही. माझा मंगळवार आहे."

"उपास करतेस तू?"

"नाही बाई. पाणी द्यायचं आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि अर्ज पुढे ओढला. मग म्हणाल्या, "बोर्डिंग मी बघते. जा," आणि सही केली.

मी घरी पोचले ती सोमवारची संध्याकाळ होती. बाबा ओसरीवर दोर वळत बसले होते. "आली का?" म्हणाले. मी "हो" म्हटलं. "सकाळी जुंपतो," म्हणाले आणि पुन्हा दोर वळू लागले. मायने मात्र मला चुलीपाशी बसवून घेतलं आणि माझे हात हातात घेऊन नुसती बघत राहिली. त्या हातांना आता फक्त खडूची सवय होती.

सकाळी मोट करकरली. मी वाफ्यात उतरले तेव्हा पायाला खडे टोचले, पूर्वी कधी टोचले नव्हते. पहिले वाफे बरे भरले. मग माझा अंदाज चुकला. मी नको तो बांध फोडला आणि पाणी वांग्यांना वळसा घालून थेट काकांच्या मिरचीत निघालं. फावड्याने माती ओढेपर्यंत ते बरंच पुढे गेलं होतं.

काका वरच्या बांधावर बसून बिडी ओढत होते. "मास्तरीनबाई," ते म्हणाले, "धडा इसरल्या का? पाणी तं माह्या मिरचीत चाललं."

बाबांनी विहिरीवर बैल उभे केले. ते रागावतील असं मला वाटलं. ते तिथूनच म्हणाले, "जाऊ दे. तिकडं बी तहान हाये."

तेव्हा मी मिरचीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. पानं खाली मान घालून होती, पाणी पोचलं तिथे माती फुसफुसत होती. काका खोटं बोलले नव्हते. मी फोडलेला बांध तसाच ठेवला. मिरचीच्या दोन ओळी भरू दिल्या, मग बुजवला आणि वर गेले.

"काका, मी इथे असेन तेव्हा पाणी माझ्या हाताने. मी नसेन तेव्हा अर्धा दिवस बाबांच्या वांग्याला, अर्धा दिवस तुमच्या मिरचीला. सोपानदादाची बायको देईल. बाबांनी त्या दिवशी मोट हाकायची नाही, सोपानदादाने हाकायची. वार मात्र माझ्या नावाचा. आणि दर दसऱ्याला मी येईन."

"पुन्हा येईन," काका म्हणाले.

"तिले काऊन टोचून राह्यला?" बाबा बैलांच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "येते ते."

काकांनी बिडी विझवली. "बरं दादा. तुहं बी राह्यलं, माहं बी राह्यलं." मग खाली उतरून त्यांनी मी बुजवलेला बांध पायाने दाबून दिला. तो नीट बुजला नव्हता.

निघताना मायने पुन्हा पायांवर पाणी ओतलं. या वेळी तिने पदर पुढे केला नाही.

परत आल्यावर सुमित्राने वर्गात विचारलं, "बाई, दिलं का पाणी?" मी हो म्हटलं आणि मंगळवारचं वाक्य पुन्हा फळ्यावर लिहिलं. ते आजही लिहिते. एखादी मुलगी तेच विचारते, तेव्हा तिला विहिरीचा नेम सांगते.

त्याला आता खूप वर्षं झाली. बाबा गेले, माय गेली, काकाही गेले. मळा सोपानदादा बघतो. मोठ्या बाई पुण्याला परतल्या आणि आता रजेच्या अर्जांवर मी सही करते. रजेचं कारण विचारताना मी घाई करत नाही.

जे निघून गेले त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगते. गावी आपली खोली राखून ठेवायची धडपड करू नका. खोलीत कांदे भरतात, ते योग्यच आहे. एखादं काम राखून ठेवा, तुमच्या नावाचं, आणि ते करायला जा. आणि जे गावी राहिले त्यांना सांगते, आमचं काम आमच्या नावानेच म्हणत जा, करणारे तुम्ही असलात तरी. आम्हाला दुसरं फारसं काही नको असतं.

गेल्या दसऱ्याला सर्व्हिस मोटार लवकर पोचली, म्हणून घरी न जाता सरळ मळ्याकडे गेले. मंगळवार होता. वांग्यात एक नवी सून पाणी वळवत होती. सोपानदादाच्या मुलाचं लग्न उन्हाळ्यात झालं, तेव्हा माझ्या शाळेत परीक्षा होत्या. मुलगी रोहिणखेडची, तिने मला कधी पाहिलं नव्हतं. पांढऱ्या पातळातली, चपला घातलेली परकी बाई बांधावरून येताना पाहून तिने हात वर केला.

"बाई, तिकून नका येऊ, ओलं हाये. आज आत्याबाईचा मंगळवार हाये."

"कुठे आहे आत्याबाई?" मी विचारलं.

"नागपूरले," ती म्हणाली आणि फावड्याने माती ओढत पुढे म्हणाली, "मंगळवारी ते पाणी देते."

मी चपला बांधावर काढल्या, पदर खोचला आणि तिच्या हातातलं फावडं मागितलं.