उजवी पाकळी

रखमाजी गुरव आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढं मी भातशेतीत गेलो आणि तो वडिलांच्या मागं वाघजाईच्या पूजेला लागला. आमच्या वडिवळे गावाच्या वरच्या अंगाला, झाडीत तिचं ठाणं आहे. छप्पर गळकं, भिंती अर्ध्या, दार नाहीच. आत नाकडोळे नसलेली शेंदराची शिळा. पावसाळाभर धुकं तिथं मुक्कामालाच असतं. भर दुपारी आत गेलात तरी आपला हात आपल्याला दुसऱ्या कुणाचा वाटतो. मला तर बुवा लय आवडतं. भीती वाटली की भूक झकास लागते!

रखमाजीचं काम कौल लावायचं. शिळेवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवी, एक डावी. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. गुरव सगळीकडं हेच करतात. पण आमचा गडी पाकळ्या लावल्यावर माणसाला खाली बसवायचा आणि विचारायचा, "कुटली पडावी असं वाटतंय?"

माणूस गडबडायचा. "देवी सांगंल की."

"ती सांगंलच. तू सांग." मग पुढचा प्रश्न, "ह्याचा भार कुणावर पडणार? त्याला हितं बसव." असं म्हणून शेजारची मोकळी जागा हातानं पुसायचा. भल्याभल्यांनी त्या जागेकडं बघायचं टाळलेलं मी पाहिलंय. शाळेतले सोपान गुरुजी भांडकुदळ पोरांना मुद्दाम त्याच्याकडं आणायचे. पोरं शहाणी व्हायची का घाबरायची, देवी जाणे. पण त्यानंतर काही करायच्या आधी बाजूला नजर टाकायची एवढं खरं.

सविता त्याच पोरांतली. मोठी होऊन लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर लागली. तिथं तारेला लटकून दरी ओलांडायचा खेळ आहे. अंगाला बांधायचे पट्टे तपासायचं काम तिचं. गेल्या श्रावणात ती सकाळीच वर आली, तेव्हा मी दूध घेऊन गेलो होतो. तिनं पिशवीतून एक छोटा पट्टा काढून रखमाजीपुढं धरला.

"आबा, लहान पोरांचा एवढा एकच पट्टा हाय. शिवण सैल वाटतीया. शेठ म्हणतो, रविवार काढ, सोमवारी नवा येतोय."

"मग न्हाई म्हणायचं."

"म्हटलं की! तर म्हणतो, तू नसलीस तर दुसरी येईल."

रखमाजीनं पाकळ्या लावल्या. "उजवी पडली तर रविवारी पट्टा चालू, डावी पडली तर बंद. कुटली पडावी वाटतंय?"

तिनं पट्टा मांडीवर घेतला, शिवणीवरून बोट फिरवलं. "उजवी," ती हळूच म्हणाली. "घरात मी एकटीच कमावती, आबा. धाकट्या बहिणीची, स्नेहलची शाळा चालू हाय."

"बरं. रविवारी ह्यात कोण बसणार?"

"कुणाला ठाऊक? येत्यात, हसत्यात, फोटो काढून जात्यात."

"त्याला हितं बसव."

त्यानं जागा पुसली. पावसाची भुरभुर आत येत होती. धुकं इतकं दाटलं की शिळा दिसेना, नुसता शेंदूर दिसत होता. माझ्या भुवयांवरून पाणी ठिबकायला लागलं. सविता त्या मोकळ्या जागेकडं बघत होती आणि बघताबघता जरा अंग चोरून सरकली. एसटीत शेजारी कुणी येऊन बसलं की आपण सरकतो ना, तशी. पट्ट्याची कडी एकदाच वाजली.

"महिप्या, चुळबुळ करू नको," रखमाजी मला म्हणाला.

"मी कुटं हललो?"

तेवढ्यात उजवी पाकळी पडली. वारा नाही, काही नाही. अलगद.

"झालं," रखमाजी म्हणाला. "देवी व्हय म्हणाली. ऊठ, कामावर जा."

सविता उठेना.

"आता गं काय?"

"देवीला विचारलं, आबा." तिनं शेजारी मान वळवली. "ह्याला कुटं विचारलं?"

रखमाजीनं शिळेवरची डावी पाकळी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "मग ही तुजी तू पाड."

तिनं पाकळी खाली टाकली. नारळ सोलायचा कोयता घेतला आणि पट्टा मधोमध कापला.

नोकरी त्याच दिवशी गेली. दोन महिने घरी बसली. आता कार्ल्याकडं दुसऱ्या एका ठिकाणी नव्या पोरांना पट्टे तपासायला शिकवते. पट्टा बघायच्या आधी ती त्यांना म्हणते, "तुला काय वाटतंय ते सांग. मग ह्यात कोण बसणार ते सांग." पोरं तिला चेटकीण म्हणतात, आणि ती खुशाल हसते. तो पट्टा रविवारी तुटला असता का नाही, ते कधीच कळणार नाही. ती म्हणते, "कळू नये म्हणून तर कापला, महिपतीकाका!"

आणि हो, त्या सकाळचं एक राहिलंच. आम्ही उठलो तेव्हा फरशी सगळी ओलीचिंब झाली होती. आम्ही तिघं बसलो होतो तेवढ्या जागा कोरड्या. सविताच्या शेजारी आणखी एक. एवढीशी, लहान पोराच्या बैठकीएवढी.

मी बघतोय हे रखमाजीनं बघितलं. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून त्या जागेवर धरलं.

"भुरभुर लागंल त्याला," म्हणाला.